सहा नंबर खोलीपुढचे गैरहजर

त्या सरकारी दवाखान्याच्या तळघरात, धुलाईच्या खोलीला लागून, एक इंजिनीअरबाई बसायची. वर रोज सकाळी माणसांची झुंबड. कोण कधी आत जाणार हे ठरवणारा प्रोग्रॅम बाईच्या ताब्यात होता. खिडकीवर टोकन घ्यायचं, बाकावर बसायचं, भिंतीवरच्या फलकावर आपला नंबर लागला की आपल्या डॉक्टरची खोली गाठायची. काम एवढंच. पण बाईला त्या प्रोग्रॅमची किळस होती.

तो लिहिला होता तिच्या आधीच्या माणसाने. तो निवृत्त झाला तेव्हा प्रोग्रॅममध्ये मूळ कापड कमी आणि ठिगळंच जास्त उरली होती. एकीकडे लिहिलेलं: सहा नंबरची खोली असेल तर नंबर लाव आणि गप्प उभा राहा. का, ते कुठेच नाही. दुसरीकडे: माणूस आला नाही तर नाव कापू नकोस, बाजूला ठेव, पुन्हा हाक मार. बाई वाचायची आणि कपाळावर हात मारायची.

बाई हुशार, यात वाद नाही. आई लहानपणीच गेली, आत्याने वाढवलं. आत्याच्या तोंडाच्या पट्ट्यात वाढलेलं माणूस पुढे कुणाच्या बापाला ऐकत नाही. ती सरळ दवाखान्याच्या मोठ्या साहेबांकडे गेली.

"साहेब, ह्यात आणखी ठिगळं लावण्यात अर्थ नाही. पाडू आणि नवं बांधू."

साहेबांना 'नवं' हा शब्द फार आवडायचा. "किती वेळ लागेल?"

"दोन महिने."

लागलं वर्ष. ह्या धंद्यात असंच असतं, त्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही. मग एका सोमवारी जुना प्रोग्रॅम बंद आणि नवा चालू, तोही सगळ्या खोल्यांत एकदम. साहेबांनी फीत कापली, फोटो निघाले. आतली मांडणी तर इतकी चकचकीत की तिच्यावर जेवायला बसावं. नंबर लागला आणि माणूस दारात नाही, तर गैरहजर. तीनदा गैरहजर, तर ऑपरेशनच्या यादीतून नाव बाद. बाईला हा नियम विशेष आवडला होता.

"यादी निम्मी झाली हो!" काही आठवड्यांनी साहेब खूश होऊन म्हणाले. खरंच झाली होती. माणसं घरी जाऊन कण्हत होती, पण ते काही यादीत दिसत नव्हतं.

एका संध्याकाळी बाई घरी आली तर आत्या काठी मांडीवर घेऊन बसलेली. आत्याचा खुबा झिजला होता. ऑपरेशन झालं तर चालणार, नाही तर खाट. म्हणून ती केव्हापासून यादीत होती.

"नाव कापलं माझं."

"कुणी?"

"तुझ्या फलकाने. म्हणे तीनदा आलेच नाही."

"मग का नाही गेलीस?"

"गेले नाही? उजाडल्यापासून बाकावर होते! नंबर लागला, काठी सावरली, उठले, चार पावलं टाकली, तोवर पुढचा नंबर लागलेला. दारातला शिपाई म्हणतो, आजी, तुम्ही गैरहजर आहात. म्हटलं, मेल्या, मग बोलतोयस कुणाशी?"

"आत्या, फलक चुकत नाही गं."

"बरोबर. माझा खुबाच चुकलाय."

दुसऱ्या दिवशी बाई तळघरात न जाता सहा नंबरच्या समोर बाकावर जाऊन बसली. इतक्या वर्षांच्या नोकरीत ती त्या बाकावर कधी टेकली नव्हती. सहा नंबर ही हाडांची खोली. कुणाचा पाय प्लास्टरमध्ये, कुणाच्या काखेत कुबड्या. नंबर लागला की माणूस उठायला सुरुवात करायचा आणि तो सरळ उभा राहीपर्यंत गैरहजर व्हायचा. डॉक्टरने दारातून डोकं बाहेर काढलं, "कुणीच नाही का आज?" म्हणाला आणि गच्च भरलेल्या बाकांकडे बघत चहा मागवला.

बाईने तिथूनच जुन्या माणसाला फोन लावला.

"सहा नंबरला थांबायचं का ठेवलं होतं?"

"आठवत नाही बुवा. कुणीतरी आरडाओरडा केला असेल. त्यातली प्रत्येक वाकडी ओळ म्हणजे खिडकीवर कुणीतरी मूठ आपटलेली आहे."

"मग लिहून का नाही ठेवलं?"

"मला काय माहीत, कुणी पुसायला येईल म्हणून?"

बाईचा पारा चढला, पण ओरडायचं कुणावर? लोकांनी घसा कोरडा करून जे मिळवलं होतं, ते तिने कचरा म्हणून झाडून टाकलं होतं. आणि त्यासाठी वर्षभर घाम गाळला होता. सहा नंबरची ओळ परत घालणं सोपं होतं. पण अशा आणखी किती ओळी गेल्या आणि त्या कुणाच्या होत्या, हे तिला ठाऊक नव्हतं. जुना प्रोग्रॅम तिने पुसला नव्हता, तेवढी अक्कल शाबूत होती.

ती साहेबांसमोर उभी राहिली. "जुनं परत लावायचं."

"बाई, फीत कापलीय!"

"कापली तर कापली."

"लोकांना काय सांगू?"

"इंजिनीअरबाई चुकली म्हणून सांगा." हे म्हणताना तिचे कान तापले. त्या इमारतीत हा शब्द तिने स्वतःसाठी कधी वापरला नव्हता.

"यादी पुन्हा वाढेल."

"वाढणारच. माणसं परत येतील ना."

साहेबांनी लांब श्वास सोडला. "तुमच्या बढतीची फाईल माझ्यासमोर आहे. ती आता इथेच राहील."

"राहू द्या," बाई म्हणाली आणि खाली जाऊन तिने जुनं लावलं. कापलेली सगळी नावं होती त्याच क्रमाने परत घातली. पुढे जे बदलायचं ते एकेक ओळ, आणि ओळ जिथली असेल तिथल्या बाकावर आधी अर्धा दिवस बसून. काम मुंगीच्या पावलांनी चाललं. फोटो कुणी काढले नाहीत.

आत्या मात्र भडकली. "घरची इंजिनीअर असून मी इतकी मागे?"

"तुझ्या पुढच्यांचीही नावं मीच कापली होती."

आत्याने विचार केला. "मग राहू दे. पण त्यातलं कुणी आपोआप बरं झालं असेल तर बघ."

आपोआप कुणी बरं झालं नव्हतं. आत्याचा नंबर लागला तेव्हा ती सावकाश उठली, वाटेत एकीशी नंबरावरून भांडली आणि तरीही वेळेत आत पोचली. मागे भाची, हातात एक्स-रेचं पाकीट. डॉक्टरने फोटो उजेडात धरला, खुबा दाबून पाहिला आणि ऑपरेशनची तारीख दिली. पुढच्याच महिन्यातली.

आत्याने ती त्याच्याकडून दोनदा वदवून घेतली. मग भाचीकडे वळली.

"ऐकलंस ना? तोवर काही सुधारू नकोस."