शेवटच्या भट्टीतला घडा

आमच्या घरात दुधाचं एक भांडं आहे. मातीचं, राखी रंगाचं, छोटीशी चोच असलेलं. गेली नऊ वर्षं मी त्यातून चहात दूध ओततेय आणि एकदाही थेंब ओघळून टेबलावर पडलेला नाही. ज्यांनी जन्मभर ओघळणाऱ्या भांड्यांखाली फडकी ठेवली आहेत, त्यांनाच ही केवढी मोठी गोष्ट आहे ते कळेल. ज्या जपानी कुंभाराने ते घडवलं ते मागच्या हिवाळ्यात गेले. पेपरात त्यांच्यावर अर्धं पान आलं. त्यात मातीशी संवाद, मौन, पूर्व आणि पश्चिम असं बरंच काही होतं. चोचीबद्दल एक अक्षर नव्हतं. मला त्याचा राग आला, म्हणून मी लिहायला बसले.

दुसरा त्यांचा वाडगा. जाड बुडाचा, दोन्ही तळव्यांत मावणारा. त्यांनी तो चहासाठी केला होता, मी त्यात दही लावते. आमच्या गुंगालिनच्या, कॅनबेराच्या उपनगरातल्या थंडीत दही लागणं म्हणजे नवसाचं काम, पण हा वाडगा ऊब धरून ठेवतो आणि सकाळी सुरीने कापावं असं दही देतो. हे त्यांना सांगताना मला जरा धाकधूक होती. ते म्हणाले, "आणून दाखव." मी नेलं, आणि त्यांनी भट्टीजवळ उभ्या उभ्या सगळं संपवलं. पुढच्या वेळी त्यांनी मला त्याच मापाचा, पण काठ किंचित आत वळवलेला वाडगा दिला. "यात लवकर लागेल," एवढंच म्हणाले, आणि खरंच लवकर लागतं.

आमची ओळख झाली ती माझ्या आगाऊपणामुळे. कॅनबेरापासून तासाभरावरच्या एका गावात रविवारचा बाजार भरतो, तिथे त्यांचं टेबल होतं. मी एक उभट फुलदाणी उचलली आणि बोटाच्या पेराने वाजवून पाहिली. माझी आई माठ घेताना असंच करायची. दुकानदार कितीही कपाळाला आठ्या घालू दे, पाच-सहा माठ वाजवल्याशिवाय ती पैशाला हात लावत नसे. ही फुलदाणी बद्द वाजली. उचलली जीभ लावली टाळ्याला, मी म्हणाले, "ही आतून तडकलीय." नवऱ्याने मला कोपराने ढोसलं. स्टुलावर बसलेले ते वृद्ध गृहस्थ उठले, त्यांनी फुलदाणी कानाजवळ धरून वाजवली, मग टेबलाच्या कडेवर शांतपणे आपटून तिचे दोन तुकडे केले आणि खालच्या खोक्यात टाकले. मला वाटलं, चिडले. पण त्यांनी मान लववून माझे आभार मानले आणि विचारलं, "कोणाकडे शिकलात?"

"आईकडे," मी म्हणाले. "बाजारात."

त्यांनी आदराने मान डोलावली. मी एखाद्या मोठ्या घराण्याचं नाव घ्यावं तशी.

तसा माझा धंदाही चुका काढण्याचाच. सरकारी खात्यात कंत्राटावर सॉफ्टवेअर तपासते. नवरा म्हणतो, हिला ऑफिसात पैसे मिळतात, घरी ती फुकट करते. त्या वृद्ध कुंभारांना मात्र माझी ही खोड आवडली. वर्षातून दोनदा त्यांची भट्टी उघडायची तेव्हा ते मला बोलवायला लागले. मी त्यांना सरच म्हणायचे. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही. त्यांची बायको इथलीच, निवृत्त नर्स. त्यांना मी काकू म्हणायला लागले. अर्थ समजावून सांगितला तेव्हा म्हणाल्या, "नो वरीज लव्ह, आँटीपेक्षा बरंच आहे."

सर भट्टीतून एकेक भांडं काढायचे, काकू राख पुसायच्या, मी वाजवून डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायचे. मग सर सगळी पुन्हा वाजवायचे. पहिल्या वर्षी मी पुष्कळदा चुकले. ते नुसतं भांडं उचलून दुसऱ्या बाजूला ठेवत. डावीकडची भांडी ते स्वतः हातोडीने फोडत आणि मागच्या खड्ड्यात टाकत. हे काम त्यांनी कधी कोणाला दिलं नाही. एकदा निळसर छटेचा एक देखणा घडा डावीकडे गेला तेव्हा माझा जीव कळवळला. मी म्हणाले, "सर, राहू दे ना. केवढा सुंदर आहे."

"कोणीतरी त्यात पाणी भरेल," ते म्हणाले. "टेबल भिजेल. मग त्या माणसाला वाटेल, आपल्याच हातून काहीतरी चुकलं." आणि त्यांनी तो फोडला.

मोठे कलाकार मी लांबूनच पाहिले आहेत, पण वापरणाऱ्याच्या मनाची इतकी काळजी घेणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. मला ते फार आवडायचे. त्यांच्या हयातीत हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आपल्याकडे असं तोंडावर सांगायची पद्धत नाही, आणि हे बरं नाही असं आता वाटतं.

मागच्या जूनमध्ये, इथल्या ऐन थंडीत, त्यांनी भट्टी लावली. तीन दिवस लाकडं घातली, विटांनी तोंड बंद केलं. चौथ्या दिवशी जेवण करून आडवे झाले ते उठलेच नाहीत. तेव्हा भट्टी अजून गरम होती. अंत्यसंस्कार झाले, भट्टी थंड झाली, आणि पाच आठवडे तिला कोणी हात लावला नाही.

मग काकूंचा फोन आला. सिडनीच्या एका गॅलरीला शेवटच्या भट्टीतलं सगळं हवं होतं. तडकलेलं असलं तरी चालेल, शेवटचं आहे म्हणून उलट जास्तच हवं होतं. "पण त्याचा शिक्का मारलेलं तडकलेलं भांडं आजवर विकलं गेलेलं नाही," काकू म्हणाल्या. "तू ये आणि वाजवून बघ."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर काय कबूल केलं ते लक्षात आलं. मी ज्याला बद्द म्हणेन ते फुटणार होतं, आणि जे फुटेल ते पुन्हा कोणी घडवणार नव्हतं. मुलगा लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, "आई, जस्ट से दे आर ऑल फाइन." मनातल्या मनात मीही तेच ठरवत होते.

मी तिथे गेले त्या सकाळी गवतावर दहिवर पडलं होतं. आम्ही दोघींनी विटा काढल्या. आत चाळीसेक भांडी होती. काय सांगू, त्यांच्या हाताला म्हातारपण शिवलंच नव्हतं. पातळ काठ, बेताचे कान, झाकणं अशी की ठेवली की बसलीच. मी वाजवत गेले. एकामागून एक खणखणीत निघाली आणि मला रडू आवरेना, पण ते आनंदाचंच जास्त होतं. चार लहान भांडी बद्द वाजली. काकूंनी हातोडी माझ्या हातात दिली, त्यांचा खांदा दुखतो. आमच्याकडे मडकं फोडतात ते स्मशानात, आणि ते काम बायकांना देत नाहीत. माझा पहिला घाव इतका हलका बसला की वाटी नुसतीच घरंगळली. मी पुन्हा मारला.

सगळ्यात मागे, म्हणजे सरांनी सगळ्यात आधी ठेवलेला, एक घडा होता. गुडघ्याएवढा, भरल्या पोटाचा, तोंड इतकं अरुंद की त्यातून दोन बोटंही जाऊ नयेत. एका बाजूने राख वितळून हिरवी ओघळली होती, दुसरी बाजू कोरी, विटकरी. नऊ वर्षांत त्या भट्टीतून इतकं चांगलं काही निघालेलं मी पाहिलं नव्हतं. मी वाजवला. बद्द. जागा बदलून वाजवला. तरी बद्दच.

"हा छान आहे," मी म्हणाले आणि उजवीकडे ठेवला. चोराच्या मनात चांदणं, माझा आवाज जरा चढलाच.

काकू फडकं झटकत होत्या. म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्षं मी हा आवाज ऐकलाय. पूर्वी तर आज किती फुटणार ते मी स्वयंपाकघरातूनच सांगायचे."

मी म्हणाले, "हा गॅलरीला देऊ नका. तुमच्याकडेच ठेवा. पाणी भरू नका म्हणजे झालं."

"आणि मी गेल्यावर? कोणीतरी भरेलच की." त्या माझ्याजवळ आल्या. "तू खोटं बोललीस ते मला आवडलं, लव्ह. पण फोड आता."

मी फोडला. त्याचे तीन मोठे तुकडे झाले आणि आतली बाजू पहिल्यांदा उजेडात आली. बुडापासून गळ्यापर्यंत सरांच्या बोटाची खाच गोल गोल वर चढत गेली होती, चाकावरच्या ओल्या मातीत उमटली तशीच. एकदा तोंड निमुळतं केल्यावर ती त्यांनाही पुन्हा दिसली नसणार.

काकू गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी एका तुकड्यावरच्या खाचेत बोट ठेवलं आणि हळूहळू फिरवत नेलं. अर्ध्यावर त्या थांबल्या. तिथे खाच जराशी डगमगली होती, मातीचा बारीक उंचवटा राहिला होता, आणि पुढे ती पुन्हा सरळ गेली होती.

"इथे त्याचा हात थांबला," काकू म्हणाल्या. त्यांनी तिथून बोट काढलं नाही. "मी जेवायला हाक मारली असणार."