चार माणसांचा रोडगा

माझ्या नवऱ्याला एकट्याने चहासुद्धा पिता येत नाही. दारावरून ओळखीचं कुणी गेलं की याची हाक गेलीच, आणि मी पुन्हा आधण ठेवायचं. पोस्टमनलाही जेवून जा म्हणणारा हा गजेंद्र. अमरावतीत त्याला वाईट म्हणणारं कुणी सापडायचं नाही. संसार मी करते, तेव्हा मला विचारा.

गेल्या वर्षी या माणसाला खरोखर चांगली कल्पना सुचली. रोडग्यांचं जेवण म्हटलं की आमच्याकडे पन्नास-शंभर माणसं आलीच. गोवऱ्या रचा, निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजा, वांग्याची भाजी करा, वरण करा. चौघांच्या घरात एवढा खटाटोप कोण करतं? फ्लॅटवाल्यांना तर अंगणच नाही. गजेंद्र म्हणाला, दर्यापूर रस्त्यावरच्या आपल्या वावरात रोज गोवऱ्या पेटवू. तिघांचं कुटुंब असो की चौघांचं, यावं, गरम रोडगे खावे, जावं. मला ते इतकं पटलं की मी शाळेतली नोकरी सोडली. त्याच हिवाळ्यात सगळ्यांच्या आधी सुरू केलं तरच आपलं नाव होणार, हे दोघांनाही कळत होतं.

जाहिरातीसाठी विपुल नावाचा पुण्याचा सल्लागार ठरवला. बाहेरचा माणूस, उद्या आपली कल्पना दुसऱ्याला देऊन मोकळा झाला तर? मी वकिलाकडून गुप्ततेचा करार करून आणला. विपुलने तो नीट वाचला, सही केली आणि म्हणाला, "एकदा प्रत्यक्ष दाखवा. आपण तिघंच जेवू, मी फोटो काढतो."

रविवारी त्याला घेऊन वावरात पोचते तर काय, मंडप! सतरंज्या अंथरलेल्या, पन्नासेक माणसं गप्पा मारत बसलेली.

"अहो, हे काय?"

"आता तीन मानसासाठी कोनी गोवऱ्या पेटवते काय? लोक काय म्हनतीन?"

"तीन माणसांसाठी पेटवायच्या, हाच तर आपला धंदा आहे!"

"धंदा सुरू झाला का पेटवू ना. आज पाहुना आला हाय."

कपाळावर हात मारायचाही मला कंटाळा आला. त्यात भगवंतराव समोरच बसलेले. हे गजेंद्रचे चुलतभाऊ, मंडप डेकोरेशनवाले. अकोला रस्त्याला लागून जमीन, भांडी, आचारी, सगळं घरचं. त्यांनी विपुलला विचारलं, "काय काम काढलं बापा इकडे?"

"सांगता येणार नाही. करार आहे," विपुल म्हणाला.

मग भगवंतरावांनी गजेंद्रकडे पाहिलं. गजेंद्र तुपाची वाटी घेऊन वाढत होता. तो तिथेच खाली बसला आणि पहिल्यापासून सगळं सांगत सुटला. मी खुणावलं, खोकले, शेवटी पाठीमागून चिमटा काढला.

"काहून चिमटे घेऊन राहिली?" तो सगळ्यांसमोर ओरडला. "भगवंतभाऊ घरचाच मानूस हाय!"

आमची जाहिरात तयार व्हायच्या आत अकोला रस्त्यावर भगवंतरावांचा बोर्ड लागला. कुटुंबासाठी रोडगे, किमान चार माणसं. विपुलचा घाबरून फोन आला, "मॅडम, मी एक शब्दही बोललो नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "तुम्हाला बोलायला संधी मिळाली कुठे?"

त्या दिवशी मी गजेंद्रला नको नको ते बोलले. रडलेही. तो संध्याकाळभर मान खाली घालून बसला. मला वाटलं, निदान आता तरी कळलं असेल. सकाळी भगवंतरावांचा फोन, त्यांच्या आचाऱ्यांचे रोडगे वरून जळतात, आतून कच्चे राहतात, जरा येऊन दाखव. आणि हा निघाला!

"अहो, लाज वाटते का काही?"

"लोक जेवाले बसले हायेत, आरती. भावाची फजिती होऊ देऊ काय?"

तेव्हापासून दर रविवारी तो तिथेच असतो. आमचा धंदा काही सुरू झाला नाही.

शेवटी मी मुकाट्याने शाळेत गेले, जागा आहे का विचारायला. मुख्याध्यापिका बाईंनी खुर्ची दिली, चहा मागवला. जागा भरली होती. मी उठले तशा त्या हसून म्हणाल्या, "रविवारी भेटूच आपण. सगळा स्टाफ भगवंतरावांकडे रोडगे खायला येतोय. आम्ही दुसरीकडे जाणार होतो, पण तिथे तुमचे मिस्टर स्वतः भाजतात असं कळलं, म्हणून तेच ठरवलं."