आतली कडी

सातारा जिल्ह्यात मरायला टेकलेल्या माणसांच्या घरी आमच्या आबांचे वकील जितके जेवले, तितके त्या घरांचे जावईसुद्धा जेवले नसतील. हे वाक्य मी आज मायेनं लिहितो आहे. चार वर्षांपूर्वी हेच वाक्य मी रागानं लिहिलं होतं, छापलं होतं आणि बाजारच्या दिवशी चौकाचौकांत वाटलं होतं.

वकिलांचं बिऱ्हाड साताऱ्यात शनिवार पेठेत. कामं घ्यायची ती फक्त घरातली. मृत्युपत्र, वारसा, दत्तक, पोटगी, वाटणी. खुनाचा खटला घेऊन कुणी आलं तर त्याला पायरीवरूनच वाटेला लावायचे. म्हणायचे, "खून सोपा. त्यात एक पक्ष आधीच गप्प झालेला असतो. वाटणीत दोन्ही भाऊ जिवंत, आणि वर दोघांचे मेव्हणे." अंगातला कोट सनदेच्या दिवशी काळा होता म्हणे, मी पाहिला तेव्हा तो करपलेल्या गुळाच्या रंगाचा झाला होता. एका खिशात तपकिरीची डबी, दुसऱ्यात शाईची दौत. खिशांची अदलाबदल झाली की वकिलांना शिंक यायची नाही, नाक निळं व्हायचं, आणि तसंच निळं नाक घेऊन ते कोर्टात उभे राहायचे. त्यांच्याकडे सायकल होती, पण तिच्यावर बसता येत नव्हतं. ती ते गावोगाव हातानं ढकलत न्यायचे. का, असं विचारलं तर सांगायचे, "रस्त्यानं सोबत असते."

औंधाकडच्या दोन भावांची वाटणी एका तांब्याच्या घंगाळापाशी येऊन अडली होती. घर वाटलं, बैल वाटले, घंगाळ काही सुटेना. वकिलांनी पाणी तापवायला लावलं, भर अंगणात बसून त्या घंगाळातून यथासांग अंघोळ केली आणि पंचा गुंडाळून म्हणाले, "आता याच्यात वकील न्हाला. कुणाला हवं, बोला." दोघंही मागं सरले. घंगाळ गेलं बहिणीला. तिचं नाव तोवर कुणी काढलंच नव्हतं.

पण त्यांचा खरा लौकिक जेवणाचा. ज्याचं मृत्युपत्र करायचं त्याच्या घरी जेवल्याशिवाय ते लेखणीला हात लावत नसत. तेही रोजचं जेवण हवं. कुणी पुरणपोळी केली तर तोंड वाकडं करायचे. सणाचं जेवण खोटं बोलतं, असं त्यांचं मत होतं. सोप्यावर मांडलेला पाट स्वतः उचलून ते थेट स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी नेऊन टाकायचे आणि चुलीकडं तोंड करून बसायचे. एक भाकरी संपवायला त्यांना जेवढा वेळ लागे, तेवढ्यात आमचा बैल वैरणीची पेंढी संपवी. जेवायला जात पाहत नसत. गावकुसाबाहेरही जेवत. त्यापायी त्यांच्या आळीनं त्यांना पंगतीतून उठवलं होतं. त्याचं त्यांना काही नव्हतं. त्या पंगतीचं तूप पातळ असतं, एवढंच म्हणायचे.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा. लढाईचे दिवस, धान्य रेशनवर, आणि माझ्या झोळीत जुलूम करणाऱ्यांची एक यादी कायम तयार. त्या यादीत मी वकिलांना घातलं. साताऱ्यात छापखान्यांवर नजर होती, म्हणून पत्रक सांगलीला छापलं आणि हळदीच्या पोत्यातून आणलं. सगळे कागद पिवळे झाले होते. मथळा होता 'मरणाच्या दारी पंगत'. आणि ज्या वाक्यावर मी स्वतःच खूश होतो, ते असं: 'कावळा पिंडासाठी माणूस मरायची वाट तरी पाहतो, हा काळ्या कोटातला कावळा जिवंत माणसाच्या ताटालाच शिवतो.' लोक पारावर ते मोठ्यानं वाचायचे आणि हसायचे. मला वाटायचं, जनता जागी होते आहे.

त्याच थंडीत आबांचा दमा बळावला आणि त्यांनी वकिलांना निरोप धाडला. मी ताडकन सांगितलं, कागद होऊ दे, पण या घरात त्या माणसाला ताट मिळणार नाही. आबा धाप आवरत म्हणाले, "घर माजं हाय रं. अजून मेलो न्हाई मी."

वकील सहा कोस सायकल ढकलत आले. मला पाहून त्यांनी खिशातून माझं पिवळं पत्रक काढलं. एका शब्दाभोवती तांबड्या पेन्सिलीचा गोल होता. "मृत्युपत्रातला त्यु ऱ्हस्व. तू दीर्घ काढलास. बाकी मजकूर जोरदार आहे." एवढं बोलून ते पाट घेऊन उंबऱ्याशी गेले.

वाढत होती आत्या. आबांची धाकटी बहीण. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आली ती तीस वर्षं आमच्या चुलीपुढं होती. आईमागं मला तिनंच वाढवलं. वकील भाकरी, हरभऱ्याची भाजी आणि ठेचा जेवले, हात धुतला आणि आबांच्या अंथरुणाशी कागद उघडून बसले. म्हणाले, शेती वाडवडिलांची, ती पोरांच्या जन्माबरोबरच त्यांची झाली. घर तुम्ही स्वतः बांधलंत, त्याचं बोला. आबांनी सांगितलं, घर दोघा पोरांना निम्मं निम्मं, आणि बहिणीला अन्नवस्त्र. असल्या कागदात विधवेसाठी हाच शब्द लिहायची रीत. जगेल तोवर खायला आणि नेसायला द्यायचं.

वकिलांनी लेखणी खाली ठेवली. "बहीण जेवते कधी?"

आबा माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "आमच्या मागून."

"मागून म्हणजे केव्हा? कुठं बसते? कालवण उरतं का तिला?"

स्त्री-पुरुष समतेवर माझी तोवर तीन पत्रकं निघाली होती. तिसऱ्यात तर मी अख्ख्या जिल्ह्याला खडसावलं होतं. आणि जिच्या हातचं तेवीस वर्षं खाल्लं, तिला घास चावताना मी एकदाही पाहिलं नव्हतं. आतून आत्याच बोलली, "आवं वकीलसायब, माजं काय घिऊन बसलाय? उभ्या उभ्या हुतंय की माजं."

वकील आबांना म्हणाले, "हे 'उभ्या उभ्या' कोर्टाला कळत नाही. उद्या कुणी दारातून शिळी भाकरी सरकवली, तरी कोर्ट म्हणेल, अन्न मिळालं." मग त्यांनी लिहिलं: मागची खोली, तिच्यातली चूल आणि विहिरीचं पाणी, बहिणीला हयातभर. त्याखाली आणखी एक ओळ. खोलीच्या दाराला आतून कडी.

"कडी कशाला वो कागदात?" आबांनी विचारलं.

"बाहेरून लावायला घरात पुष्कळ हात असतात. आतली लिहून ठेवावी लागते."

आबांना होळी दिसली नाही. थोरला भाऊ पलटणीतून परत आला आणि त्याला ऑइल इंजिन ठेवायला नेमकी तीच मागची खोली हवीशी झाली. आत्याला अक्षर येत नाही. तिनं कागद उलटा धरून त्याच्यापुढं केला आणि म्हणाली, "वाच. कडी हाय का त्यात, बघ." भावानं तो सुलटा करून दोनदा वाचला. इंजिन गोठ्यात गेलं. मी तिथंच उभा होतो. घरच्या अन्यायावर बोलायचं ते माझ्या आधी त्या कागदानं बोलून टाकलं होतं.

माफीचं पत्रक मी तीनदा लिहायला घेतलं. तिन्ही वेळा ते माझ्याविषयीच होत गेलं. शेवटी गेल्या वर्षी सांगलीला गेलो. वकिली सोडून ते विश्रामबागेकडं लेकीच्या घरी राहायला गेले होते. सायकल भिंतीला टेकलेली होती. मी म्हटलं, तुमच्याबद्दलचं खरं काय ते छापतो. ते हसले. "तुझा कावळा झकास होता. लोकांना पटला. मग मला कुणी ताट मांडेना. कागद सगळे कचेरीतल्या टेबलावर व्हायला लागले, आणि टेबलावरून चूल दिसत नाही रे."

"पण विचारता आलं असतं."

"विचारलं की बाप्ये सांगतात, जेवते की. दोन वर्षं मी नुसतं अन्नवस्त्र लिहीत राहिलो."

हे त्यांनी बोल लावल्यासारखं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते पत्रक कुठल्या कुठल्या गावी गेलं, ते मी आजही धडाधडा सांगेन. त्या घरांत मागून कोण जेवत होतं, ते सांगता येणार नाही. निघताना मी पुन्हा छापण्याचा विषय काढला, तर त्यांनी हात हलवला. "छापू नकोस. जेवायला जात जा लोकांकडं. आणि पाट कुठं टाकायचा ते तुला ठाऊक आहे."

परवा सभा आटोपून भर दुपारी गावी आलो. भूक कडकडून लागली होती. आत्याच्या खोलीचं दार बंद, आतून कडी. ताटाला वाटी लागल्याचा आवाज आला. हाक मारणार होतो. मग पायातल्या वहाणा काढल्या आणि तिचं होईपर्यंत पायरीवर बसून राहिलो.