गोल कोणाचाही असो

मी थापा मारतो, हे महाळुंगेपासून सांगवीपर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी स्वतःही ते कधी नाकारलेलं नाही. पण गेल्या महिन्यात त्याची शिक्षा मला भोगावी लागली. सोमवारची सकाळ होती. कंपनीची बस चाकणच्या चौकात नेहमीसारखी ट्रकांमध्ये रुतून बसलेली, आणि बालाजीचा फोन आला. बालाजी म्हणजे आमच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. मूळचा नांदेडकडचा, इथे एका कंपनीत पेंट शॉपला. हा माणूस एरवी फोनवरही असा ओरडतो की समोरच्याला फोनची गरज पडू नये. त्या दिवशी मात्र हळू बोलला. "दादा... सर गेले बघा. पहाटं. झोपंतच." मग मी टीममधल्या एकेकाला फोन लावत सुटलो, आणि एकही जण विश्वास ठेवायला तयार होईना! याच लोकांना मी पूर्वी सांगितलेलं होतं, की सरांना पिंप वाजवायला थेट ब्राझीलवरून बोलावणं आलंय आणि विमानात पिंप बसत नाही म्हणून घोडं अडलंय. एक जण तर चिडलाच. "रम्या, सकाळी सकाळी काय बरळतोस राव? काल तर बांधावर बसून वाजवत होता की!" खरं होतं. काल वाजवत होता. जन्मभर थापा मारून मी पहिल्यांदा खरं बोललो होतो, आणि ते खोटं ठरावं म्हणून खिडकीला डोकं टेकून बसलो होतो...

तर हे सर म्हणजे मकरंद सोनटक्के. आमचा मक्या. आम्ही दोघंही बार्शीकडचे, एकाच वर्षी पोटामागे इकडे आलो. मी शिरलो कंपनीच्या स्टोअरमध्ये, तो शिरला गाण्यात. सांगवीतल्या एका शाळेत तो संगीत शिकवायचा आणि उरलेल्या वेळात स्वतः लिहिलेली मराठी गाणी गिटारवर गायचा. त्याच्या बँडचं नाव होतं 'दुसरी शिफ्ट'. गाणी कसली, तर कंपनीच्या बसमधल्या झोपेवर, कांद्याच्या बाजारावर, ओव्हरटाइमला थांबलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या बायकोवर. इंटरनेटवर टाकलेली त्याची गाणी लाखो लोक ऐकतात, असं मी सगळीकडे सांगत असे. प्रत्यक्षात मी आणि त्याची बायको, शुभांगी वहिनी, आलटून पालटून ऐकत होतो. वर्षअखेरीला त्या गाण्यांचे जे काही पैसे आले, त्यात मक्याने आणि मी एकेक वडापाव खाल्ला. चहा माझ्याकडून झाला. नदीपलीकडच्या कॅफेत कार्यक्रम असला तर मालक म्हणायचा, "सर, बजेट नाही, पण जेवून जा." जेवण म्हणजे ते कुरकुरीत त्रिकोणी तुकडे, वर वितळलेलं चीज. मक्या ते कागदात बांधून घरी आणायचा. वहिनी त्याचा चिवडा करायच्या.

शाळेतही वेगळी तऱ्हा नव्हती. तो तासिका तत्त्वावर होता. म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे. मे महिन्यात मुलं मामाच्या गावाला, आणि सर उपाशी. आमच्या या पट्ट्यात माणसाच्या दोनच जाती, परमनंट आणि बाकीचे. मुलगी बघायला गेलं तर उंची, रंग, पत्रिका सगळं मागाहून. आधी विचारतात, "मुलगा परमनंट आहे ना?" मक्याला लग्नात ही अडचण आली नाही, कारण वहिनींनी त्याला गाताना ऐकलं आणि चौकशी करायचं विसरल्या. पुढे घर चाललं ते त्यांच्याच पगारावर. औंधच्या एका दवाखान्यात त्या नर्स. रजेवर गेलेल्यांच्या ड्यूट्याही त्याच करायच्या. मक्याला हे टोचायचं. बोलायचा नाही, पण एकदा चहाच्या टपरीवर म्हणाला, "रम्या, शाळेत कायम झालो की पहिलं काम काय माहितीये? शुभाची डबल ड्यूटी बंद. बस, आपलं दुसरं काही मागणं नाही."

आता फुटबॉल. महाळुंगेला कंपन्यांच्या मागे एक माळ आहे, तिथे दर रविवारी सकाळी आम्ही खेळतो. टीमचं नाव 'सुरक्षा इलेव्हन'. जर्सी घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून सुरक्षा सप्ताहात कंपनीने वाटलेले टी-शर्ट घालून उतरलो. पाठीवर लिहिलेलं, 'आधी सुरक्षा'. तेच नाव चिकटलं. इलेव्हन म्हणतात, पण रविवारी कोणाची ना कोणाची शिफ्ट लागते, त्यामुळे अकरा जण एका वेळी मी फक्त लग्नाच्या फोटोत पाहिलेत. मी स्वतः बचावफळीत होतो. माझ्या एका किकने चेंडू इंद्रायणी ओलांडून पलीकडच्या गावात गेला होता. हे खोटं म्हणणारे त्या दिवशी मैदानावर नव्हते. मक्या एका रविवारी सहज बघायला म्हणून आला, आणि पुढच्या रविवारी भंगारवाल्याकडून निळा प्लॅस्टिकचा पिंप घेऊन आला. कंपन्यांत रसायनं भरून येतात, मग घरोघरी पाणी भरायला जातात, तोच पिंप. त्याने तो मैदानाकडेच्या बांधावर उपडा घातला, दोन काठ्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले, आणि जो काही ठेका धरला म्हणता! शेजारच्या कंपनीतले कामगार आगीचा सायरन समजून रांगेत बाहेर येऊन उभे राहिले. चाकणच्या बाजारात कांद्याने उसळी घेतली. ठेका साधा होता. दोन जोरात, एक हलका, मग जराशी सामसूम, आणि त्या सामसुमीत सगळ्यांनी ओरडायचं, "अजून एक!" आमचा गोल झाला की हे व्हायचं. आमचे गोल फार होत नसत, ते सोडा.

भानगड पुढेच झाली. समोरच्या टीमने गोल मारला आणि बांधावर पिंप वाजला. तसाच, तेवढाच जोरात. मक्या एकटाच ओरडला, "अजून एक!" बालाजीने जाळ्यातला चेंडू तिथेच टाकला आणि ग्लोव्हज फडकावत तो बांधाकडे धावत सुटला.

"ओ सर! तुमी कोणाकडून हाव, सांगा बरं एकदाचं! आमच्याच उरावर बसून नाचायलाव का?"

"अरे पण बालाजी, गोल बघ की कसला होता!"

"मला मागनं कसा दिसंल? माझ्या टकुऱ्यावरून गेला त्यो!"

तेव्हापासून दर रविवारी हे भांडण ठरलेलं. गोल कोणाचाही असो, मक्या वाजवणार, आणि बालाजी त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करणार. बाहेरच्या टीमना मात्र ही गोष्ट इतकी आवडली की त्यांची पोरं गोल मारल्यावर स्वतःच्या माणसांकडे न जाता आमच्या बांधाकडे बघून हात वर करू लागली. मीही एकदा चिडून विचारलं, "मक्या, आपल्यावर झालेल्या गोलावर कसला रे नाचतोस?" तो म्हणाला, "टाळी वाजवताना गाणाऱ्याचं आधार कार्ड बघतो का आपण?" आणि मग काठीवरची ट्यूब घट्ट करत, "मी कॅफेत गातो ना, रम्या. गाणं संपतं. लोक खात असतात. संपल्यानंतरचा तो जो क्षण असतो, कोणीच काही करत नाही तो... तो वाईट असतो रे. त्या पोराने आठवडाभर कंपनीत प्रेसचं मशीन चालवलंय. रविवारी एक गोल मारलाय. कोणीतरी वाजवायला नको?"

ही बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी जूनमध्ये शाळेत एक कायमची जागा भरणार होती आणि ती मक्यालाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. आणि त्याआधी स्नेहसंमेलन आलं. प्रमुख पाहुणे मोठे होते, स्वागतगीत नवं हवं होतं, चाल सुचेना. मक्याने पिंपाच्या ठेक्यालाच जरा साजूक तूप लावलं, वर शब्द घातले सुस्वागतमचे. तालमीत कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. पण शाळेत निम्मे पालक कंपनीतले, आणि पहिल्या ओळीत उभी राहून गाणारी चुणचुणीत पोरगी बालाजीची. मुलांनी पहिली ओळ संपवली. दोन जोरात, एक हलका... जराशी सामसूम. आणि मागच्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात बसलेला बालाजी झोपेत चालल्यासारखा उठून गरजला, "अजून एक!" त्याच्या पाठोपाठ अख्ख्या सहा रांगा! नुकताच हार घातलेले पाहुणे दचकले. संस्थेच्या माणसांना वाटलं, पब्लिकची मागणी आहे, त्यांनी लगबगीने दुसरा हार घातला. दुसरं कडवं संपलं, पुन्हा "अजून एक!" हार संपले तेव्हा कमानीवरचं झेंडूचं तोरण उतरवून पाहुण्यांच्या गळ्यात घातलं, असं मी सांगतो. तोरण वगैरे काही नव्हतं, एक हार जास्त झाला एवढंच, असं वहिनी सांगतात. तुम्ही वहिनींचं ऐका.

मुख्याध्यापिका बाई स्वभावाने चांगल्या होत्या. त्यांनी मक्याला बोलावून घेतलं. "सोनटक्के सर, मुलं तुमच्यावर जीव टाकतात, मला दिसतं ते. पण ते रविवारचं मैदान, तो पिंप, ती आरडाओरड... संस्थेतल्या मंडळींना शिक्षकाला शोभणारं वाटत नाही. तेवढं सोडा. जूनचं मी बघते." मक्या हो म्हणाला. वहिनींचा चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि हो म्हणाला. पिंप घरी गॅलरीत गेला. रविवारी तो यायचा, पण पाहुण्यासारखा. शर्ट खोचलेला, बांधावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेला. आम्हीही त्याच्यासमोर ओरडायचं टाळायचो. बालाजी तर गोल खाल्ल्यावर शिव्या कोणाला द्याव्यात हे न कळून आभाळाला द्यायचा.

मग एका रविवारी शेजारच्या गिअर कंपनीच्या टीमने आमच्यावर गोल मारला. कोपऱ्यावरून आलेला चेंडू त्यांच्या पोराने हवेतच असा उचलला, की चेंडूलासुद्धा आपण कुठे चाललोय ते कळलं नसावं. हे मी वाढवून सांगत नाहीये. त्याने हात वर करून आमच्या बांधाकडे बघितलं. शांतता. पोरगं तसंच उभं. मी मक्याकडे बघितलं. त्याचे हात मांडीखाली वळवळत होते... आणि मग तो उठला, माझ्या गाडीवरचं नवंकोरं हेल्मेट उचललं आणि त्याच्यावरच सुरू झाला. दोन जोरात, एक हलका. हेल्मेटला तडा गेला तो आजही आहे.

शाळेत ही बातमी पोचायला सोमवारही उजाडावा लागला नाही. जूनमध्ये दुसरा कोणी कायम झाला. मक्या तासिका तत्त्वावर राहिला, शेवटपर्यंत. पिंप मात्र पुन्हा दर रविवारी बांधावर येऊ लागला. मी त्याच्यावर खूप भडकलो. "एका गोलासाठी? तोही दुसऱ्याच्या?" तो हसला. हसायचा, पण पुढे दर वर्षी जून लागला की आठवडाभर गप्प गप्प असायचा, हेही खरं. मला वाटलं होतं वहिनी त्याला घराबाहेर काढतील. त्या डबल ड्यूटी करून आल्या होत्या. पाय चेपत म्हणाल्या, "भाऊजी, मला त्यांचं ते हात दाबून बसणं बघवत नव्हतं हो. ड्यूटीचं काय, ती कोणालाही असते." त्यानंतर मक्या रोज त्यांना आणायला स्कूटर घेऊन दवाखान्याच्या दारात उभा राहायचा, पाऊस असो वा थंडी. वाट बघताना स्कूटरच्या सीटवर ठेका धरलेला. तिथला वॉचमन म्हणे आधी वैतागायचा, मग तोच "अजून एक" म्हणायला लागला.

मक्याच्या दहाव्यानंतर मी आणि बालाजी घरी गेलो. सांगवीला त्यांच्याकडे पाणी दिवसाआड येतं. वहिनी गेली कितीतरी वर्षं त्या पिंपावर डोळा ठेवून होत्या, पाणी भरायला. मक्या भरू द्यायचा नाही, आवाज बसतो म्हणायचा. आता अडवणारं कोणी नव्हतं. गॅलरीत बादल्या भरलेल्या, कळशी, पातेली, एवढंच काय, कुकरसुद्धा भरून ठेवलेला. आणि मध्ये तो निळा पिंप, उपडा, कोरडा. बालाजीने चाचरत विचारलं, "वहिनी, पिंप न्यावा का? रविवारी..." त्या पिंपाकडेच बघत राहिल्या. म्हणाल्या, "असू दे अजून थोडे दिवस." आम्ही चहा घेतला आणि आलो.

परवाच्या रविवारी त्याच गिअर कंपनीशी सामना होता. बांधावर मक्याची जागा कोणी न सांगता रिकामी सोडलेली. आणि व्हायचं तेच झालं. त्यांच्या पोराने लांबून मारला, बालाजी झेपावला, चेंडू त्याच्या बोटांवरून आत. पोराने सवयीने हात वर केले, आमच्या बांधाकडे वळला... मग त्याला आठवलं असावं. हात हळूहळू खाली आले. मैदानावर कोणीच काही करत नव्हतं. मक्या म्हणाला होता तोच क्षण, वाईट... बालाजी मातीतून उठला. जाळ्यातला चेंडू काढून बगलेत धरला. मला वाटलं, आता शिव्या देणार. त्याने खांबापाशी ठेवलेली स्वतःची स्टीलची पाण्याची बाटली उचलली आणि गोलच्या लोखंडी खांबावर हाणली. दोन जोरात. एक हलका. सामसूम झाली, आणि तो एकटाच ओरडला, "अजून एक!" आवाज मध्येच फाटला. दुसऱ्या वेळी आम्ही सगळे होतो. समोरची टीमही.

सामना आम्ही हरलो. किती गोलांनी ते मी सांगण्यात अर्थ नाही, कोणी विश्वास ठेवणार नाही. परतताना बालाजी माझ्या गाडीवर मागे बसला होता, चेपलेली बाटली मांडीवर घेऊन. मग कानाशी येऊन, त्या सोमवारसारखाच हळू, म्हणाला, "गोल भारी होता पण, दादा. मागनं बी दिसला."