चारच्या ओळीतलं खोकं

तिओ सेंग ली माणूस सरळ, पण संशय त्याच्या पाचवीलाच पुजलेला. मलेशियातल्या बटरवर्थच्या बिस्किट कारखान्याचं नेटवर्क त्याने सव्वीस वर्षं सांभाळलं, आणि सव्वीस वर्षांत आपली लाल वही कुणाला दाखवली नाही. कुठल्या यंत्राला नेटवर्कवरचा कुठला पत्ता दिलाय, सगळं त्या वहीत. रजेवर गेला तरी वही बरोबर. बायको म्हणायची, "एवढं मला जपलं असतंत तर!"

कारखान्यात चार हा आकडाच नव्हता. म्हातारे टौके, म्हणजे मालक, चारला मरणाचा आकडा मानायचे. तीन नंबरच्या भट्टीनंतर थेट पाच. तिओनेही यंत्रांना पत्ते वाटताना चारच्या पत्त्यांची अख्खी ओळ रिकामी सोडली आणि टौकेंच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती धरून तशी शपथ घेतली. मात्र नऊ वर्षांपूर्वी बाकीच्या ओळी भरल्या होत्या, तेव्हा घाईघाईत त्याने एक खोकं त्या ओळीत बसवलं. लोण्याच्या शीतखोलीतल्या घंटेचं. आत कुणी अडकलं की बटण दाबायचं, ऑफिसात घंटा वाजायची. वहीत मात्र त्याने ते लिहिलं नाही. मोडलेली शपथ कोण लिहून ठेवतो हो?

टौके गेले, कारभार लेकीकडे आला आणि पाठोपाठ क्वालालंपूरहून अझलीना आली. कारखान्याची निम्मी कामं क्लाउडवरच्या भाड्याच्या यंत्रांवर न्यायची, आणि ती यंत्रं इथल्या जुन्या नेटवर्कला अशी जोडायची की एकाच घरात असल्यासारखी बोलतील, हे तिचं काम.

एकाच घरात! मग घरातला म्हातारा कशाला हवा, तिओच्या मनात आलं. पोरगी इतकं गोड बोलते म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय. तिने आणून दिलेली कॉफीसुद्धा त्याने आधी हुंगली, मग प्यायली.

"अंकल, चारची ओळ पूर्ण रिकामी आहे ना? क्लाउडला तीच देते."

"रिकामी."

"नक्की? परवा तिकडून कुणीतरी ओ दिल्यासारखं वाटलं."

"तुझ्या यंत्राला भास झाला असेल."

अझलीना त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. वहीवर डोळा आहे भवानीचा, तिओने ओळखलं.

गुरुवारी जोडणी झाली. शुक्रवारी सकाळी तिओने ऑफिसातून खोक्याला हाक मारून पाहिली. उत्तर नाही. काय झालंय ते त्याला लगेच उमगलं. खोक्याची हाक ऑफिसातल्या सर्व्हरपर्यंत पोचणार, पण सर्व्हरचं "बोल" आता चारच्या ओळीत, म्हणजे सरळ क्लाउडकडे जाणार. आणि "बोल" ऐकल्याशिवाय खोकं पुढे काही सांगत नाही. घंटा मुकी झाली होती. अझलीनाला सांगावं, तर ती मालकिणीच्या कानावर घालणार आणि नोकरी जाणार. त्यापेक्षा खोकं गुपचूप काढून आणावं आणि पत्ता बदलून परत लावावं, बस्स.

शुक्रवारी दुपारी निम्मा कारखाना नमाजाला जातो आणि उरलेला जेवायला. तिओ पेचकस घेऊन शीतखोलीत शिरला. फोन टेबलावरच राहिला. दाराची आतली मूठ महिनाभर तुटलेली होती, म्हणून त्याने फटीत लोण्याची पेटी अडकवली. एक स्क्रू निघतोय तोच दार धप्पकन लागलं. मशिदीकडे निघालेल्या कुणा भल्या माणसाने पेटी आत सरकवून "दार बंद ठेवा" ही पाटी पाळली होती.

तिओने दार बडवलं, हाका मारल्या. मग बटण दाबलं. काही उपयोग नाही हे त्याच्याइतकं जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी दाबत राहिला. आत उणे अठरा. पायाची बोटं कळेनाशी झाली. "टौके," तो कुडकुडत म्हणाला, "चुकलो हो, चुकलो."

वीसेक मिनिटांनी दार उघडलं. दारात अझलीना, डोळ्यांत नुसती आग.

"सापडला चोर! अं... अंकल?" तिने त्याला ओढून बाहेर काढलं आणि स्वतःचं जाकीट त्याच्या अंगावर टाकलं. "माझ्या क्लाउडवरच्या यंत्राकडे मघापासून सर्व्हरची उत्तरं येतायत, न विचारलेल्या प्रश्नांची! म्हटलं, कुणीतरी आत घुसलंय. वायरींचा माग काढत आले. खरं सांगू? पहिल्या दिवसापासून संशय होता मला तुमचा."

"मलाही... तुझा," तिओचे दात वाजत होते.

गरम चहा पोटात गेल्यावर त्याने सगळं सांगून टाकलं. शपथसुद्धा. मग हळूच विचारलं, "मालकिणीला सांगशील?"

"काल संध्याकाळी भट्टीवरची मालिगा लोणी काढायला आत गेली होती, अंकल," अझलीना म्हणाली. "एकटी. तिच्यावर दार लागलं असतं तर?"

ही मालिगा रोज जाता-येता तिओला हात करायची. त्याला स्वतःची अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

तो उठला, लाल वही घेऊन आला आणि चारच्या कोऱ्या पानावर लिहिलं, 'शीतखोली, घंटा.' पुढे नऊ वर्षांपूर्वीची तारीख घातली आणि वही तिच्यापुढे सरकवली.

"पहिल्या पानापासून वाच," तो म्हणाला. "मग मालकिणीकडे दोघं जाऊ. आधी मी बोलेन."