बायको असलेल्या माणसाची रजा

"असं बोलू नका ओ, वास्तू तथास्तू म्हणते."

कर्जतच्या आमच्या सरकारी कचेरीत कुणी अभद्र बोललं की आमचा शिपाई हातातलं काम टाकून दोन्ही कानांच्या पाळ्या धरायचा आणि एवढंच म्हणायचा. मी मुद्दाम म्हणायचे, "हा पंखा आज डोक्यात पडणार बघ." तो बिचारा माझ्या वतीनं भिंतीची माफी मागायचा. असा एखादा भोळा जीव तुम्हीही कुठल्यातरी कचेरीत पाहिला असेल.

कडावला त्याचं घर. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली, त्यानं पेढे वाटले आणि थोड्याच दिवसांत त्याचं तोंड उतरलं. बायको बाळाकडे बघेना, खाईना, बोलेना. एका सकाळी ती पोरीला घेऊन परड्यातल्या विहिरीच्या काठावर उभी राहिली. शेजारीण धावली म्हणून दोघी वाचल्या. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं.

"ताई, मला रजा बसवा," तो म्हणाला. "दोघींना येकटं टाकून येववत नाय."

रजेचं टेबल माझ्याकडे. त्याच्या शिलकीतल्या रजा संपत आल्या होत्या. बालसंगोपनाची भरपगारी रजा असते, पण ती बायकांना. पुरुषाला कधी? बायको वारली असेल तर, नाहीतर असाध्य आजारानं अंथरुणाला खिळली असेल तर.

"अरे, अर्जात 'असाध्य' लिही, डॉक्टरांचा दाखला जोड. पुढचं मी बघते."

त्याचे हात कानांकडे गेले. "नाय ताई. तेवढं माज्या हातानं लिवणार नाय."

"मग बस घरी बिनपगारी!" मी चिडले. जीव तुटत होता, म्हणूनच चिडले.

तरी तो तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. परत आला तो जवळजवळ पळतच. "ताई, बरी होईल म्हंतात! येळ लागंल, पन औषधानं बरी होईल!" टेबलाटेबलावर जाऊन त्यानं सगळ्यांना हात जोडले. मी दाखला मागून घेतला. त्यावरही तेच लिहिलेलं होतं. बरी होणारी बायको असाध्य नसते. आणि ही तर आपल्या पायांनी विहिरीपर्यंत चालत गेलेली. साहेबांना वाईट वाटलं, पण नियमात बसेना.

"म्हंजे, ती बरी होनार म्हनून मला रजा नाय?" त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही.

गैरहजेरीची नोटीस निघाली. ती टपालात न टाकता मीच कडावला घेऊन गेले. बिनपगारी रजेचा अर्ज तरी लिहून घ्यावा, नोकरी वाचेल, असं वाटलं. विहिरीवर त्यानं पत्रा ठोकला होता. पोरगी खांद्यावर, दाढी वाढलेली, गॅसवर पेज उतू चाललेली. बायको उंबऱ्यावर बसून होती. अर्ज मी लिहिला. सहीसाठी त्याला हात मोकळा हवा होता.

तेवढ्यात ती उठली. दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "द्या माज्याकडं. मी घेते तिला."

त्याचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत तिनं पोरीला पहिल्यांदाच मागितलं होतं. तो एक पाऊल पुढे झाला, थांबला. मग वळून त्यानं पोरगी माझ्या हातांत दिली आणि सही केली.

ती हात तसेच पुढे धरून उभी होती.