बंडूची साखर आणि आमचा तिसरा मजला

माणसाला डायबिटीस झाला की घरात सल्ले जमतात. मांजराला झाला की किस्से जमतात. अनुभवावरून सांगते. ठाण्याला कोलशेतच्या बाजूला आमची बिल्डिंग. तिसऱ्या मजल्यावर तीन घरं: आम्ही, पाटील आजी आणि कुलकर्णी सर. आणि आमचा म्हातारा बोका, बंडू. आता मजल्यावरचं कोणीही भेटलं की "तो किस्सा सांग ना" सुरू होतं, आणि एक सांगावा तर त्याची शेपटी धरून दुसरा येतोच.

* * *

सुरुवात पाण्याने झाली. बंडू वाटीतलं पाणी संपवून बाथरूमच्या बादलीवर चढायला लागला. त्याच्या शी-शूच्या ट्रेमधल्या मातीचा रोज चिखल. खायचा राक्षसासारखा, पण हात फिरवला तर पाठीचं हाड लागायचं. माझा नवरा शिरीष म्हणाला, "उन्हाळा आहे गं, पितोय पाणी."

मग एके दिवशी बंडूने खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारली आणि अर्ध्यातूनच खाली पडला. पडल्यावर जणू काही झालंच नाही असा पंजा चाटत बसला. मला राहवलं नाही. टोपलीत घातला आणि तडक टेंभी नाक्यामागे डॉक्टर मुग्धाकडे नेला.

तिने रक्त तपासलं, लघवी तपासली आणि शांतपणे म्हणाली, "डायबिटीस आहे."

शिरीष एकदम गंभीर झाला. "पण डॉक्टर, आमच्या घराण्यात कोणालाच नाहीये."

डॉक्टर बराच वेळ मान खाली घालून प्रिस्क्रिप्शन लिहीत राहिली.

* * *

औषध म्हणजे दोन वेळा इन्सुलिनचं इंजेक्शन. पण डॉक्टरचा खरा जोर खाण्यावर. "मांजर मुळात मांसाहारी. पीठ, भात, बिस्किटं पचवायला त्याचं शरीर बनलेलंच नाही. कॅटफूडचे कोरडे दाणे हळूहळू बंद. दूध बंद, पोळी बंद. डब्यातलं ओलं खाणं द्या, भरपूर प्रोटीनचं, ठरलेल्या वेळी. आणि मला विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही. खाणं बदललं की इंजेक्शनचा डोस बदलतो."

बंडूला इंजेक्शनचं काहीच वाटलं नाही. खाण्याचं मात्र फार वाटलं. पहिल्या दिवशी त्याने नवीन खाणं हुंगलं आणि बाजूला फरशी उकरायला लागला, जणू घाण पुरतोय. आम्ही जुन्या दाण्यांत चमचाभर नवीन मिसळायचो, तर तो दाणे तेवढे वेचून खायचा. शिरीषने शेवटी त्याच्यासमोर मांडी घालून बसून स्वतः खाल्ल्याचं नाटक केलं. मचमच आवाज काढला. "वा, काय झालंय," असंही म्हणाला.

बंडू उठला आणि शिरीषच्या ताटातली पोळी पळवून गेला.

* * *

हळूहळू बंडू नवीन खाणं खायला लागला. आम्ही खूश. पण साखर काही उतरेना. डॉक्टर डोस वाढवायची आणि विचारायची, "बाहेर काही खातो का?"

"छे. तो मजल्याच्या बाहेर जातच नाही," मी सांगायचे. आणि ते खरंच होतं.

एका रविवारी पाटील आजींकडे कोथिंबीर मागायला गेले. आजी इथल्याच, आगरी. ही बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्याच शेतावर. दार उघडंच होतं. आत आमचा बंडू पाटावर बसून भात जेवत होता. सुकटीचं कालवण घातलेला भात.

"आजी, हा इथे कसा?"

"दादूस ना? तो तं रोज येतो. कोन बिचाऱ्याला उपाशी ठेवतं, काय माहीत."

मी दारातच उभी. तेवढ्यात समोरून कुलकर्णी सर आले. निवृत्त हेडमास्तर, एकटेच राहतात. आत डोकावून म्हणाले, "अरे, महाराज इथे आहेत होय? मी मघापासून दूध-बिस्किटं घेऊन वाट बघतोय."

म्हणजे बंडूला मजल्यावर तीन घरं, तीन नावं आणि तीन नाश्ते होते. मी सगळं सांगितलं, डायबिटीस, इंजेक्शन, सगळं.  आजींनी ताट उचललं आणि बंडूला म्हणाल्या, "लबाडा, माना बोल्ला का नाय?"

* * *

आजींचं एक म्हणणं होतं की भात नाही म्हणजे जेवण नाही. मी फोन लावून त्यांचं डॉक्टरशीच बोलणं करून दिलं, स्पीकरवर.

"आजी, उकडलेली मासळी थोडी चालेल. काटा काढून. मीठ नको, मसाला नको, भात नको."

आजींनी बोटं मोजली. "मीठ नाय, मसाला नाय, भात नाय. मंग याला जेवन कशाला बोलतंस? औषध बोल."

"बरं, औषध."

"औषध बोल्लीस तं देते. यालवर देते."

आणि खरंच, त्या दिवसापासून आजी घड्याळ लावून बोटभर मासळी द्यायला लागल्या. एक घासही जास्त नाही.

* * *

आता सगळा मजला शिस्तीत आला. डॉक्टरने डोस कमी केला, पण बंडूची साखर त्याहूनही भराभर उतरली. नवरात्रात एका संध्याकाळी तो चालता चालता दारूड्यासारखा झोकांड्या खायला लागला. मान लटपटत होती, हाक मारली तर नजर भलतीकडेच.  शिरीष ऑफिसात होता. डॉक्टरला फोन केला.

"साखर फार उतरली आहे. हिरड्यांना मध चोळ. घशात ओतू नकोस. आणि लगेच घेऊन ये."

सर मधाची बाटली घेऊन अनवाणी धावत आले. ज्या जिवाला साखरेपासून वाचवायला आम्ही महिनोन्महिने झटत होतो, त्याच्या हिरड्यांना मी मध चोळत होते. आजींनी रिक्षा थांबवली आणि आम्ही तिघं टोपली घेऊन निघालो.

टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाची ही गर्दी. रिक्षा हलेना. आजी रिक्षातून बाहेर वाकून ओरडल्या, "पेशंट हाय, वाट द्या."

एक कार्यकर्ता धावत आला, शिट्टी गळ्यात. "कुठाय पेशंट?"

सरांनी टोपलीचं झाकण उचललं. त्याने आत पाहिलं. बंडूच्या मिशांना मध लागलेला, डोळे अर्धे मिटलेले. मला वाटलं, आता हा हसणार.

त्याने शिट्टी तोंडात घातली आणि ओरडला, "ए, दोरी सोडा रे. आपल्या घरचं हाय."

गर्दी बाजूला झाली. आम्ही वेळेत पोचलो.

* * *

त्यानंतर डॉक्टरने डोस अगदी थेंबावर आणला. खाणं तेच, वेळा त्याच. थंडी पडायला लागली, बंडूच्या पाठीवर मांस धरलं. बादलीवर चढणं थांबलं. एके दिवशी तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाली, "इंजेक्शन बंद करून बघूया."

पुढचे काही आठवडे मी रोज धास्तावलेली. साखर जागेवर राहिली. शेवटच्या रिपोर्टला डॉक्टर इतकी खूश होती की खुर्चीतून उठलीच. पण बजावून म्हणाली, "आजार गेलेला नाही. झोपलाय. बिस्किटं देऊन त्याला उठवू नका."

घरी आलो तर मजला दारात उभा. मी टोपली उघडली. बंडू बाहेर आला, अंग ताणलं आणि एका उडीत खिडकीच्या कट्ट्यावर. सर टाळ्या वाजवायला लागले. आजींनी पदराने डोळे पुसले आणि त्याची दृष्ट काढली. शिरीष मला म्हणाला, "बघ, घराण्यात नव्हताच."

* * *

आणि हा खडवलीचा किस्सा.

शिरीषच्या मामांच्या खडवलीच्या घरची वास्तुशांत, आम्हाला मुक्कामी जायचं होतं. आजी लेकीकडे दिव्याला गेलेल्या. उरले सर. सर म्हणजे जन्मात अंडं न फोडलेला माणूस. आमच्याकडे मासे तळले की ते गॅलरीचं दार लावून घेतात. तरी स्वतःच म्हणाले, "डबा उघडून वाटीत घालायचा ना? घालेन की."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. "महाराज कालपासून जेवले नाहीत. वाटीकडे बघतही नाहीत."

मी घाबरले. या वयाच्या मांजराचा उपास वाईट, हे डॉक्टरने पक्कं सांगितलं होतं. तिला फोन केला. ती म्हणाली, "आजच्या दिवस उकडलेलं चिकन देऊन बघ, नुसतं. नाही खाल्लं तर दवाखान्यात आणा." मी सरांना ते सांगून म्हटलं, "चिकन फ्रीजमध्ये आहे, पण तुम्ही राहू द्या. आम्ही लगेच निघतो."

"तुम्ही पोचेपर्यंत दुपार होईल," सर म्हणाले.  मग म्हणाले, "तुमच्याकडे कुकर कुठे असतो?"

आम्ही दुपारी घरी पोचलो. खिडक्या सगळ्या उघड्या, पंखा फुल्ल. ओट्यावर उदबत्ती. वाटी चाटूनपुसून लख्ख, आणि बंडू सरांच्या मांडीवर गाढ झोपलेला.

"सर, तुम्हाला फार त्रास झाला," मी म्हटलं.

"छे, छे. त्रास कसला?" त्यांनी बंडूला अलगद उचलून माझ्याकडे दिलं, चप्पल पायात सरकवली आणि दारातून वळले.

"फक्त मीठ नसल्यामुळे फारच सपक लागतं हो."